रॉबर्ट डेनीचं लग्न झालेलं नाही

फोटो आला त्या दिवशी दुपारपर्यंत अर्धं भुईखेड दिपालीच्या ओसरीवर येऊन गेलं. फोटोत तिचा नवरा रजत होता. डोक्यावर पांढरी गोल टोपी, खांद्यांवर लाल-हिरवे झुबके, आणि हनुवटी इतकी वर, की त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्यांना हसू आवरेना. सासरे किसनराव ज्याला त्याला सांगत होते, "फ्रान्सच्या मिलिटरीत हाय म्हणते." त्यातलं 'हाय' मोठ्याने निघायचं आणि 'म्हणते' हळू.

लोकांनी फोटो उन्हात धरला, नखाने खरवडून पाहिला. असले कपडे स्टुडिओत भाड्याने मिळतात, असं एकाने सांगून टाकलं. त्याचं तरी काय चुकलं? यवतमाळच्या भरतीत रजतची छाती अर्धा सेंटिमीटर कमी भरली म्हणून त्याला परत पाठवलं होतं, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. आपल्या देशाने अर्ध्या सेंटिमीटरसाठी हाकललेला माणूस परक्या देशाने ठेवून घेतला, आणि वर टोपीही दिली, हे कुणाच्या घशाखाली उतरणार?

शिवाय ती वर्षंच तशी होती. कापसाच्या भावाने माणसं खचली होती, काहींनी फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता, आणि मारेगावकडून येणाऱ्या प्रत्येक जीपमधून हातात फॉर्म घेतलेला माणूस उतरायचा. कुणी समितीचा, कुणी बियाणं विकणारा, कुणी पेपरवाला. तिघांनी तेच तीन प्रश्न विचारायचे आणि चौथ्याने येऊन म्हणायचं, तुम्ही खोटं सांगता. भुईखेडने कागदावर विश्वास ठेवणं केव्हाच सोडून दिलं होतं, मग फोटोची काय कथा.

दिपालीला मात्र टोपीचं काही वाटलं नाही. ती बारावी झालेली होती, तिने फोटोची मागची बाजू वाचली. तिथे इंग्रजीत नाव टाइप केलेलं होतं, आणि ते रजत किसनराव धांडे नव्हतं. रॉबर्ट डेनी होतं. तिने फोटो परत मागून घेतला आणि ट्रंकेत ठेवला. शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली, आणि पुढे दीड वर्ष ती गप्प बसली नाही.

रजत गेला होता पूनमसिंगबरोबर. पूनमसिंग आर्णीकडच्या तांड्यावरचा, यवतमाळच्या आयटीआयमधला दोस्त. दोघे फ्रान्समधल्या एका हॉटेलात भांडी घासायला गेले, सहा महिन्यांनी मुदत संपली, आणि पूनमसिंग एकटाच परत आला. लग्नाला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. फोटो आल्यावर दिपाली सासऱ्यांना घेऊन थेट तांड्यावर गेली. पूनमसिंगने चहा दिला आणि सगळं सांगितलं. त्या देशाच्या फौजेची एक तुकडी अशी आहे, की तिथे कुठल्याही मुलखाचा माणूस फाटकावर जाऊन उभा राहू शकतो. तपासणीत टिकला तर पाच वर्षं त्यांचा. पासपोर्ट ते काढून घेतात आणि नवं नाव देतात.

"नाव कायले बदलवतेत?" किसनरावांनी विचारलं.

"त्याईची पद्धतच हाय, काका. मागचं सारं मागं. मायबापाचं नावबी नवं, जन्मगावबी नवं." पूनमसिंग थोडा थांबला. "अन् भरती होताना सारे कुंवारे. लग्न झालेलं असो का नसो, कागदावर कुंवाराच लिहतेत."

हे शेवटचं बोलताना त्याने खाली पाहिलं, आणि दिपालीने ते टिपलं. बशीत सांडलेला चहा पाहायला त्याने मान खाली घातली असेल. पण संशयी बायकोला चहा दिसत नाही, मान दिसते.

त्यानंतर रजतचे फोन सुरू झाले. दर रविवारी दुपारी, घरातल्या एकुलत्या एक मोबाईलवर. घरात रेंज यायची नाही, म्हणून ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बोरीपाशी जाऊन उभी राहायची. आवाज त्याचाच होता, बोलणंही त्याचंच. पळवून पळवून पाय कसे सुजतात, रांगेत गाणी कशी म्हणावी लागतात, ब्राझीलचा एक आणि नेपाळचा एक पोरगा त्याच्या खोलीत कसा आहे. तिने एकदा नावाचं काढलं तेव्हा तो हसला.

"अवं, तुह्यं नाव नाही का बदललं लग्नात? माहेरची कोकिळा, इकडं दिपाली. ताटातल्या तांदळावर मीच लिहलं होतं. तवा म्यां कुठं शंका घेतली?"

"माह्यं नाव बदललं तं मले नवरा भेटला. तुमचं बदललं तं तुमची बायको गेली."

तो आणखी हसला. त्याला ती थट्टा वाटली. सासूला, तानाबाईंना, त्याने सांगितलं की कागदावर त्याच्या आईचं नाव मारिया आहे. तानाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. "मारिया त्याची माय, तं मी कोन? त्याची मोलकरीन?" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी मारियाला माफ करून टाकलं. दिपालीला ते जमलं नाही. ती दर रविवारी कान टवकारून ऐकायची. मागे कोण बोललं? बाई होती का? जेवण कोण करतं? सुट्टीच्या दिवशी जाता कुठे? तो सरळ उत्तरं द्यायचा, आणि उत्तर जितकं सरळ, तितकं तिला वाटायचं की इथे पाणी मुरतंय.

वर्ष झालं. होळीच्या आधीच्या एका रविवारी तो घाईघाईने बोलला. आता त्याला स्वतःचं नाव परत मागता येणार होतं, आणि नावाबरोबर पासपोर्टही. त्यासाठी जन्माचा दाखला हवा होता.

"अन् लग्नाचा?" तिने विचारलं.

"तो राहू दे. फक्त जन्माचा पाठव. लवकर."

फक्त जन्माचा. त्या रात्री भाकरी थापताना तिच्या हातून दोन करपल्या. लग्नाचा का नको? मागितलाही नाही, चौकशीही नाही. पूनमसिंगची खाली गेलेली मान तिला पुन्हा दिसली.

दाखला काढायला ती गेली तेव्हा वेगळीच भानगड निघाली. त्या तारखेला किसनराव धांडे यांना मुलगा झाल्याची नोंद होती, पण मुलाचं नाव उकंडा होतं. रजतच्या आधी तानाबाईंची दोन बाळं महिन्याच्या आत गेली होती. तिसऱ्याला नजर लागू नये, काळाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, म्हणून त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. कोतवालाने तेच लिहून नेलं. पुढे शाळेत मास्तरांना ते नाव घाण वाटलं, त्यांनी रजत केलं. घरात सगळे ते विसरून गेले होते.

म्हणजे आता उकंडा आणि रजत एकच, असं प्रतिज्ञापत्र करणं आलं. दिपाली तानाबाईंना घेऊन मारेगावला गेली. तहसीलबाहेर लिंबाखाली टाइपरायटर मांडून इंदुताई अर्ज लिहायच्या. पन्नाशीची बाई, बोलायला फटकळ. त्यांनी कागद टाइप केला, तानाबाईंचा अंगठा घेतला, आणि तानाबाई पाणी प्यायला गेल्या तेव्हा दिपालीला विचारलं, "हे सारं कायले पाह्यजे?"

दिपालीने सांगितलं. इंदुताईंनी चष्मा काढला.

"तुमच्या लग्नाची नोंद हाय का?"

"नाही. लग्नपत्रिका हाय. फोटो हाय."

"पत्रिका चुलीत घालाले कामी येते. नोंद कराची तं दोघायनं साहेबापुढं उभं राह्यावं लागते. तुमचा मानूस तं तिकडं." त्या जरा जवळ सरकल्या. "आता नीट आयका. आज तिकडं कुंवारा कोन हाय? तो रॉबर्ट का फॉबर्ट. हाय नं? तुमचा रजत तं लग्नवालाच हाय. हा कागद गेला का त्याले त्याचं नाव भेटन, अन् लग्नाचा कागद तं नाही. मंग कुंवारा कोन झाला? तुमचा मानूस. त्याच्या सोताच्या नावानं, सोताच्या मायबापाच्या नावानं. सरकारी शिक्क्यानिशी."

दिपालीने टाइप केलेला कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"या दोन वर्षांत माह्या टेबलावर अकरा बाया आल्या," इंदुताई म्हणाल्या. "नवरा गेला, अन् आपन त्याची बायको होतो हे सिद्ध करत बसल्या. गाव सांगे हो, कागद सांगे नाही. कोनाचं आयकलं असन? तुमचा तं जिता हाय. मी घाई नसती केली."

आता इंदुताईंना काय दोष द्यायचा? बाईने जे रोज पाहिलं तेच बोलली. पण हे बोलणं पडलं नेमकं अशा कानात, जो वर्षभर हेच ऐकायला टपून बसलेला होता. दिपालीने दाखला आणि प्रतिज्ञापत्र पिशवीत घातलं. टपाल कार्यालय रस्त्यापलीकडे होतं. ती अलीकडूनच एसटी स्टँडवर गेली.

घरी येऊन तिने दोन्ही कागद ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवले. मनाशी हिशेब सोपा होता. कागद पाठवला तर रजत मोकळा होऊन येईल, किंवा मोकळा होऊन येणारच नाही. नाही पाठवला तर तो येऊ शकणार नाही, पण तिचाच राहील. भूक लागली तरी शिंक्यातलं काढायचं नाही, असं ठरवण्यासारखं होतं ते.

खोटं बोलणं तर फारच सोपं निघालं. "नावात फरक हाय, हापिसवाले फिरवून राह्यले," ती रविवारी सांगायची. "साहेब सुट्टीवर हाय." "साहेबाची बदली झाली, नवा आला नाही." रजतने एकदाही शंका घेतली नाही. सरकारी कचेरी म्हटल्यावर कोण घेणार? सासू-सासऱ्यांनाही ती तेच सांगायची. अंगठा दिलेला कागद अजून कचेरीतच फिरतो आहे, यावर तानाबाईंचा पूर्ण विश्वास होता. त्या दर सोमवारी न चुकता विचारायच्या, "भेटला का वं कागद? कई येते म्हन्ते माहा बाबू?" दिपाली चुलीकडे पाहून म्हणायची, "येईन, आत्याबाई." तेवढ्यापुरती तिला स्वतःची लाज वाटायची. मग रविवार यायचा, फोनमध्ये मागे कुणीतरी हसायचं, आणि लाज निघून जायची.

एकदा ती वाकड्यात शिरलीच. "तुम्हाले नाव परत घ्याची येवढी घाई काहून हाय?"

"दुसऱ्याच्या नावानं जगून पाह्य, मंग समजन," तो म्हणाला. "हजेरीत कोनी डेनी म्हनून हाक मारते, अन् मले वाटते तो कोनी दुसरा हाय, येईनच आता मागून."

ते ऐकून तिचा जीव तुटला. पण जीव तुटला म्हणून संशय तुटत नाही. त्या आठवड्यात ती दोनदा ट्रंक उघडून बसली आणि दोनदा तिने ती लावून टाकली. आखाजी गेली, पेरणी झाली, कपाशी गुडघ्याला आली.

पोळ्याच्या आधी, एका बुधवारी सकाळी फोन वाजला. दिपाली शेतातच होती. बाया निंदणाला लागल्या होत्या. रविवार नसताना वाजलेला फोन तिने धावत जाऊन धुऱ्यावरच्या बोरीला टांगलेल्या पिशवीतून काढला.

"उद्या निघतो," रजत म्हणाला.

"कुठं?"

"आफ्रिकेत. चाड नावाचा देश हाय. चार महिने."

"तिथं लढाई हाय का?"

"आता फौज वांग्याच्या भाजीले तं नाही पाठवत." तो हसला, पण ते हसू लवकर संपलं. "आधी तो नेपाळचा पोरगा जानार होता. माह्या सुट्टीचा नंबर होता. पन त्याचे कागद आले, तो गेला घरी. माह्ये नाही आले. नाव नाही तं पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तं घरी येता येत नाही. मंग कोन जाईन? मीच."

दिपाली धुऱ्यावर बसली.

"काल एक फॉर्म भरून घेतला," तो सांगत होता. "काही झालं तं कोनाले कळवाचं. तुह्यं नाव लिहलं. भुईखेडचा पत्ता लिहला."

"अन् नातं?"



"ओळखीची."

"बायको काहून नाही लिहलं?"

"रॉबर्ट डेनीले बायको कुठून आनू, दिपे? त्याचं लग्न झालेलं नाही. लिहलं असतं तं कारकुनानं खोडलं असतं. म्हनून तं पयले जन्माचा कागद मांगे मी. नाव भेटलं का सुट्टी भेटन, सुट्टी भेटली का दोघंबी मारेगावले जाऊन सही करू, असं ठरवलं होतं. लग्नाच्या नोंदीले दोघायनं उभं राह्यावं लागते. पूनमसिंगले चौकशी कराले लावली होती. तुले तारीख ठरल्यावरच सांगीन म्हटलं."

तिने डोळे मिटून घेतले. दीड वर्ष जो माणूस तिने मनात उभा केला होता, खोटारडा, लपवाछपवी करणारा, पांढऱ्या टोपीखाली दुसरा संसार झाकलेला, तो कधी नव्हताच. होता तो हा, मारेगावच्या कचेरीत तिच्या शेजारी उभं राहायचे बेत करत बसलेला. आणि तिने त्याला लढाईवर पाठवलं होतं, परक्या नावाने, मागे एक ओळखीची बाई ठेवून. तिला इतकी शरम वाटली की तोंडात माती कोंबल्यासारखं झालं. आता एक खोटं अजून बोललं असतं तर कुणालाच कळलं नसतं. पण तिच्याने ते होईना.

"कागद माह्याजवळ हाय," ती म्हणाली.

"कवा भेटला?"

"होळीले."

निंदणाऱ्या बायांचं हसणं वाऱ्यावरून आलं आणि गेलं.

"होळीले?"

"हो."

"म्हंजे सहा महिने झाले. मी दर रविवारी इचारत होतो."

"हो."

"अन् तू म्हने, साहेब सुट्टीवर हाय."

"हो."

"काहून?"

उत्तर तिच्याजवळ होतं. इंदुताई, त्या अकरा बाया, पूनमसिंगची मान, सगळं होतं. पण ते सांगायचं म्हणजे उद्या बंदूक घेऊन निघणाऱ्या माणसाला सांगायचं, की मी तुमच्यावर एक दिवसही विश्वास ठेवला नाही. ती शब्द शोधत राहिली. चार-सहा श्वास गेले असतील, जास्त नाही. तेवढे पुरले.

"कोन हाय तिकडं?" रजतने विचारलं.

त्याचा आवाज बदलला होता. हा आवाज दिपालीला चांगला ओळखीचा होता. जेवण कोण करतं, मागे कोण हसलं, हे सगळं ती याच आवाजात विचारत आली होती.

"कोन राहीन?"

"मंग मी घरी येऊ नये असं कोनाले वाटते?"

"असं काय बोलता? मलेच भेव वाटे. कागद पाठवला तं तुम्ही हातचे जासान म्हनून ठेवला. तुमच्यासाठीच ठेवला."

ते अगदी खरं होतं. पण बोलताना तिच्या स्वतःच्या कानालाही ते खोटं वाटलं.

"आजच टपालात टाकते," ती घाईने म्हणाली. "आता जाते मारेगावले."

"आता कायले?" तो म्हणाला. मग थोडं थांबून, हळूच, तिला चकवायला विचारल्यासारखं त्याने विचारलं, "आत्ता तू कुठं हायेस? तुह्यासंग कोन हाय?"

दिपालीने वर पाहिलं. बाया ओळी निंदत पार पलीकडच्या धुऱ्याला गेल्या होत्या. इकडे बोरीचं झाड होतं, कपाशी होती, आणि ती होती.

"कोनीच नाही," ती म्हणाली, आणि हेही खरं होतं.